दादा, हीटर पेटला!

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानून झाले, पण माझं मन भरलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. जर्मनीत आपली कितीतरी माणसं पहाटे अंधारात गाडी काढतात, त्यांनाही तुम्ही केलेलं काम कळू दे.

केम्प्टनला जानेवारीत पहाटे उणे ११ होतं. माझी हॉस्पिटलची ड्यूटी सहाला सुरू होते, गाडी रात्रभर उघड्यावर उभी. काचेवरचं बर्फ पूर्ण काढल्याशिवाय निघता येत नाही आणि उभ्या गाडीचं इंजिन गरम करत बसायला इथे कायद्याने बंदी. म्हणून तर श्टान्डहाइत्सुंग, म्हणजे उभ्या गाडीचा हीटर. टाकीतलंच थोडं डिझेल जाळून हा छोटा बर्नर कूलंट, म्हणजे इंजिनभोवती फिरणारं पाणी, तापवतो आणि इंजिन सुरू न करता काचा मोकळ्या होतात. माझ्या गाडीत तो होता, पण दोन आठवडे पेटतच नव्हता. पंखा फिरायचा, खालून पंपाची टिकटिक यायची, दोन मिनिटांनी सगळं गप्प. मग कितीही बटण दाबा, ढिम्म.

एका वर्कशॉपमध्ये दाखवला. कॉम्प्युटर लावला, "ज्योत पेटली नाही" अशी नोंद निघाली, आणि सांगितलं की अख्खा हीटरच बदला, १८०० युरो. मी गप्प घरी आले. ते पैसे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आपली ओळख ती केवढी, गणपतीत आरतीनंतर पाच मिनिटं बोललो होतो. तरी शनिवारी तुम्ही ऑग्सबुर्गहून ट्रेनने आलात, पाठीवर हत्यारांची पिशवी. बाहेर बोटं वाकत नव्हती. मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये करू. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "ताई, हा बंद जागेत लावायचा नाही. याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो." ते वाक्य मी वॉर्डमधल्या सगळ्यांना सांगितलंय.

मग तुम्ही ज्या शांतपणे शोध घेतलात, तो मी जन्मभर विसरणार नाही. पेटायला तीन गोष्टी लागतात, तुम्ही म्हणालात, डिझेल, हवा आणि ठिणगीच्या जागी तापणारी ग्लो पिन. डिझेलची नळी सोडवून मापाच्या नळकांड्यात धरली, पंपाचे ठोके मोजले, डिझेल बरोबर भरलं. पंखा ठीक. ग्लो पिन मीटरवर ठीक. माझा धीर सुटला, कारण आता हीटरच खराब ठरणार असं वाटलं. तुम्ही मात्र हीटर चालू करायला लावलात आणि पिन तापत असतानाच मीटर धरलात. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, हीटरच्या प्लगवर १०.९. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हीटरच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, वायरला लावलंत. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं, आला १.२.

"करंट जातोय, पण परत यायची वाट बुजलीय," असं म्हणून तुम्ही थेट गाडीखाली शिरलात. अर्थचा बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवलात. हिरवट-पांढरा थर, रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा. हीटर सरळ बंद व्हावा इतकं व्होल्टेज पडत नव्हतं, म्हणून त्याची नोंदच झाली नव्हती. पिन मात्र अर्धवटच तापत होती. नीट तपासायला लागतो तो वेळ तुम्ही दिलात, म्हणून ते सापडलं. पार्ट बदलत बसलो असतो तर नवा हीटरही त्याच बोल्टवर बसला असता!

पितळी ब्रशने घासून, व्हॅसलीन लावून बोल्ट परत आवळलात, पुन्हा पुन्हा न पेटल्यामुळे हीटरला आपोआप लागलेलं लॉक लॅपटॉपवरून काढलंत. चालू करण्याआधी बजावलंत की आधी पांढरा धूर येईल, घाबरू नका, फसलेल्या प्रयत्नांचं डिझेल आत साठलंय. तसाच आला. मग धूर विरला, आतून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला, आणि काचेच्या खालच्या कडेला बर्फ आधी ओलं, मग पारदर्शक झालं. मी तिथेच रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि पाना पुसत बसलात. त्याबद्दलही आभार.

पैसे घेतले नाहीत. दोन थालीपिठं आणि कॉफी, एवढंच. वर सांगून गेलात की जितका वेळ हीटर लावाल तितका वेळ गाडी चालवा, नाहीतर बॅटरी उतरेल. माझं हॉस्पिटल बारा मिनिटांवर आहे, म्हणून आता येताना तलावाच्या बाजूने लांबून येते. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं लावायचा, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तुमचा पितळी ब्रश माझ्याकडेच राहिलाय. होळीला वहिनींना आणि मुलांना घेऊन या, पुरण मी घालतेय.

तुमची,
केम्प्टनची ताई