पालकमंत्र्यांना खुले पत्र: भिकारी उचलाल, गर्दीचे काय?

माननीय पालकमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

भीक मागणे, रस्त्यावरची विक्री आणि मोठे सार्वजनिक कार्यक्रम यांसाठी शहराची नवी नियमावली करताना मंडपवाले, पथविक्रेते आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आधी विचारू, असे आपण जाहीरपणे सांगितले होते. बैठक झालीच नाही. मसुदा मात्र अंतिम मंजुरीला गेल्याचे कळते. आपण व्यग्र असता हे मान्य, फिती कापायला जागाही तेवढ्याच असतात. पण उद्या काही बिघडले तर पहिला गुन्हा मंडपवाल्यावर, पहिली जप्ती हातगाडीवर आणि पहिली धरपकड पुलाखाली झोपणाऱ्याची होते. त्यामुळे आम्ही न बोलावता बोलत आहोत.

मसुद्याचा निम्मा भाग सिग्नलवरच्या भिकाऱ्यांचा ‘बंदोबस्त’ करण्यातच संपला आहे. त्यासाठी नवा नियम कशाला? १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहेच, आणि त्यातली व्याख्या इतकी ऐसपैस आहे की कोणालाही आत घेता येते. गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे, अशा कोणत्याही निमित्ताने पैसे मागितले तरी ती भीकच. या हिशेबाने पहाटे चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव गुन्हेगार, पोतराज गुन्हेगार, सिग्नलला पेन विकणारी पोरगीही गुन्हेगार. पकडायला वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरती यातली शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. आपल्या मसुद्यात त्या निकालाचा साधा उल्लेखही नाही. वाचला नसेल, की वाचून बाजूला ठेवला?

चौकात दोरी आडवी धरून पावतीपुस्तक पुढे करणाऱ्यांबद्दल मसुदा गप्प आहे. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, ती पाहायला चौकात कोण येतो? म्हातारीने हात पसरला तर पिंजरागाडी, आणि दहा जणांनी गाडी अडवली तर ‘उत्सवाचा उत्साह’. वर्गणी मागणाऱ्याच्या गळ्यात परवानगी क्रमांकाचे ओळखपत्र, पावतीवर तोच क्रमांक आणि चालत्या वाहनाला हात करायचा नाही, एवढे तीन ओळींत लिहिता आले असते. पण त्या पावतीपुस्तकावर शुभेच्छुक म्हणून कोणाचा फोटो असतो, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

पथविक्रेत्यांचे तर सगळे २०१४ च्या केंद्रीय कायद्यातच लिहिलेले आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवायचे नाही. हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या. जप्त मालाची यादी द्यायची, नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडायचा. प्रत्यक्षात काय होते? जप्तीच्या गाडीत केळ्यांच्या पाट्या खाली, त्यांवर वजनकाटा, त्यावर ताडपत्री आणि सर्वांत वर दुसऱ्याची लोखंडी हातगाडी. गोदामाशी गाडी थांबते तेव्हा तळाला लगदा झालेला असतो. पावतीवर फक्त ‘हातगाडी १ नग’. माल लिहिलेलाच नाही तर परत कसला मागणार? नव्या मसुद्यात या यादीचा छापील नमुना असायला हवा होता. मसुद्यात दंड वाढवला आहे, नमुना नाही.

आता गर्दीकडे वळतो. खरे दुखणे तिथे आहे आणि तिथेच मसुदा सर्वांत पोकळ आहे. परवानगीच्या अर्जात आयोजकाचे नाव, वेळ, ध्वनिक्षेपक, अपेक्षित उपस्थिती आणि हमीपत्र एवढेच मागितले आहे. मैदानात माणसे मावतात किती आणि बाहेर पडायला वेळ किती लागेल, हे विचारलेलेच नाही. हा हिशेब चौथी पास माणसाला जमतो. २०,००० चौरस मीटरचे मैदान घ्या. मंच, त्यापुढचा मोकळा पट्टा, वाहने, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिकेची वाट यांसाठी चौथा हिस्सा वजा करा. उरले १५,००० चौरस मीटर. चौरस मीटरला दोन माणसे धरली की ३०,०००. त्यानंतर फाटक बंद, मग बाहेर कोणाच्याही नावाचा जयजयकार चालू असो.

सपाट वाटेवर रुंदीच्या एका मीटरमधून मिनिटाला साधारण ८२ माणसे बाहेर पडतात आणि जिन्यावरून ६६, हे क्रीडांगणांसाठी जगभर वापरले जाणारे ब्रिटिश आकडे आहेत. तीन मीटरची चार फाटके म्हणजे १२ मीटर, मिनिटाला ९८४ माणसे. तीस हजारांना अर्धा तास लागतो. त्यातली दोन फाटके मान्यवरांच्या ताफ्यासाठी अडवली की तोच वेळ तासाभरावर जातो. ताफा अडवू नये म्हणून फाटक अडवायचे, हा शिरस्ता कोणत्याही नियमात नाही आणि प्रत्येक सभेत आहे. आमची माणसे फाटकाशी साखळी सोडायला उभी असतात. ‘साहेब निघेपर्यंत उघडू नका’ हे तोंडी असते. लेखी मागितले तर पुढचे काम मिळत नाही.

चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे तुडवून मरत नाहीत. चौरस मीटरला पाच-सहा माणसे झाली की स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही. मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो, छाती दबते आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्याला हे दिसत नाही, म्हणून तो ढकलतच राहतो. अशा वेळी मंचावरून ‘शांतता राखा’ ओरडण्याचा उपयोग शून्य. मागचा लोंढा थांबवावा लागतो, आणि त्यासाठी मागच्या फाटकावर स्वतंत्र वीजजोडणीचा ध्वनिक्षेपक लागतो. बॅरिकेड सलग भिंतीसारखे न लावता ठरावीक अंतरावर बाहेरच्या बाजूला उघडणारी, कुलूप नसलेली दारे ठेवावी लागतात. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी लागते. उतार, जिना आणि ओली जमीन असेल तर क्षमता आणखी कमी धरायची. मसुद्यात यातले काय आहे? ‘आयोजकाने पुरेशी दक्षता घ्यावी’, हे एक वाक्य.

मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये अरुंद चढण, दुतर्फा दुकाने आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या. २९० हून अधिक माणसे गेली. एल्फिन्स्टन रोडला सप्टेंबर २०१७ मध्ये पाऊस आणि अरुंद जिना, २३ मृत्यू. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये शासनाचाच कार्यक्रम होता. उघडे मैदान, भर दुपारचे ऊन, आणि उष्माघाताने १४ जण गेले. सावलीत कोण बसले होते, हे सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिले. दर वेळी चौकशी, दर वेळी अहवाल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच काढून ठेवली आहे, ती नकलून काढली असती तरी हा मसुदा बरा झाला असता. पण मग सभेच्या जागेची क्षमता कागदावर आली असती, आणि पाच हजारांच्या मैदानावर ‘लाखोंचा जनसागर’ छापणाऱ्यांची पंचाईत झाली असती. भिकाऱ्याला फलक नसतो, पक्ष नसतो, ताफाही नसतो. त्याच्यावर नियम करणे सोपे.

आणि हे एका मसुद्याचे रडगाणे नाही. जागेची परवानगी महापालिकेची, बंदोबस्त पोलिसांचा, रस्ता वाहतूक शाखेचा, आगीचा दाखला अग्निशमनाचा. एक खिडकी म्हणतात, पण खिडकीमागे टेबले तेवढीच. प्रत्येक टेबल आपापला शिक्का मारते आणि एकूण माणसे किती, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही. माणूस मेल्यावर मात्र जबाबदार एकच सापडतो, हमीपत्रावर सही करणारा.

तेव्हा मंजुरी थांबवा आणि ठरलेली बैठक घ्या. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे, तिला ना मसुदा लागतो ना मंत्रिमंडळ. आपल्या पुढच्या सभेच्या प्रत्येक फाटकावर क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरांत लावा. आकडा भरला की फाटक बंद करायला सांगा, मग बाहेर आपलेच कार्यकर्ते उभे असले तरी. आणि आपला ताफा शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर निघू दे. फलक आम्ही फुकट रंगवून देऊ.

आपले,
मंडप व्यावसायिक, पथविक्रेते आणि बेघरांसाठी काम करणारे काही नागरिक