बसची वाट कोण बघतंय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली दहावीच्या मुलांची वाक्यं वाचली. मुलं निष्काळजी नाहीत. ती मराठीत अगदी बरोबर विचार करून इंग्रजीत लिहिताहेत, आणि अडतंय ते तिथेच.

'बसची वाट बघताना पाऊस आला.' मराठीत यात खोट काढता येत नाही, कारण 'बघताना'मधल्या 'ताना'ला स्वतःचा कर्ता चालतो. तो गाळला तरी ऐकणारा समजून घेतो. आता मुलाचं इंग्रजी बघ: 'वेटिंग फॉर द बस, द रेन स्टार्टेड.' इथे बसची वाट बघतोय पाऊस! सुरुवातीच्या 'इंग'वाल्या पदबंधाला, म्हणजे शब्दांच्या गटाला, सहसा स्वतःचा कर्ता नसतो, तो स्वल्पविरामानंतरच्या वाक्याचा कर्ता उसना घेतो.

वर्गात 'ताना' नको, 'जेवून'मधला 'ऊन' आठवायला सांग. 'मी जेवून झोपलो' यात जेवणारा आणि झोपणारा एकच. 'जेवून पाऊस आला' असं कुणीच म्हणत नाही. ('पाऊस पडून गारवा आला' असे अपवाद आहेत, ते सध्या बाजूला ठेव.) इंग्रजीची शिस्त या 'ऊन'सारखी आहे.

तपासायचं कसं? स्वल्पविरामापाशी थांबून 'कोण?' विचारायचं. लगेच पुढचा कर्ता हे उत्तर नसेल, तर दोन उपाय. एक, कर्ता बदल: 'वेटिंग फॉर द बस, वी गॉट वेट.' दोन, पदबंधाचं पूर्ण वाक्य कर: 'व्हाइल वी वर वेटिंग फॉर द बस, द रेन स्टार्टेड.' बरीच मुलं नुसतं 'व्हाइल' जोडून मोकळी होतात. 'व्हाइल वेटिंग फॉर द बस, द रेन स्टार्टेड' तितकंच चूक, कारण 'वी वर' आलंच नाही.

सगळ्यात फसवा असतो कर्मणी प्रयोग. 'हॅविंग चेक्ड द पेपर्स, द मार्क्स वर एंटर्ड.' पेपर तपासणाराच गायब, म्हणून तपासणीचं काम गुणांच्या गळ्यात. 'द टीचर एंटर्ड द मार्क्स' केलं की झालं.

'बीइंग अ संडे, द बँक वॉज क्लोज्ड' हे तर आपल्याकडे घरोघरी. बँक म्हणजे रविवार नव्हे! 'इट बीइंग अ संडे' यात 'इट' हा स्वतःचा कर्ता आहे, म्हणून ते शुद्ध, पण पुस्तकी. मुलांना 'ॲज इट वॉज संडे' शिकव. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जनरली स्पीकिंग' यांना मात्र लाल शाई लावू नकोस. ते शब्द आता या नियमातून सुटले आहेत.

राहिला 'ओन्ली' वाक्यात कुठे ठेवायचा हा प्रश्न. तो म्हणजे आपला 'च'. 'दोनच गणितं सोडवली' तर 'ओन्ली टू सम्स', 'त्यानंच सोडवली' तर 'ओन्ली ही'. बोलताना इंग्रज माणूसही 'ही ओन्ली सॉल्व्ड टू सम्स' म्हणतो आणि आवाजाच्या जोरावर अर्थ पोचवतो. कागदावर तो जोर नसतो, म्हणून ज्याला 'च' लागेल त्याच्या अगदी आधी 'ओन्ली'.

पुढच्या वह्या तपासल्यास की कळव.

तुझाच,
मित्र