क्रिप्टोच्या स्क्रिप्टमध्ये कराचा हिशेब हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पायथॉन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांमध्ये क्रिप्टो चलनांच्या भावांचे विश्लेषण हा सध्या आवडीचा प्रकल्प झाला आहे. बिटकॉइनचे रोजचे बंद भाव घेऊन 50 आणि 200 दिवसांच्या चल सरासऱ्या (म्हणजे मागच्या तितक्या दिवसांच्या भावांची रोज नव्याने काढलेली सरासरी) काढायच्या, छोटी सरासरी मोठीला ओलांडून वर गेली की खरेदी आणि खाली उतरली की विक्री, असे या स्क्रिप्टचे, म्हणजे छोट्या संगणकीय आज्ञावलीचे, स्वरूप असते. सांख्यिकीचा शिक्षक म्हणून मला याचा आनंदच आहे. परंतु स्क्रिप्टने दाखवलेल्या नफ्यावर विसंबून काही घरांतून खरोखरीचे पैसे गुंतवले जात आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

चल सरासरी मागच्या भावांतून निघते, त्यामुळे ती उशिराच वळते. फेब्रुवारी 2020 मध्ये या पद्धतीने बिटकॉइन खरेदीचा इशारा दिला. 12 मार्चला एकाच दिवसात भाव एक तृतीयांशाहून अधिक कोसळला आणि विक्रीचा इशारा मिळाला तो मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे भाव सावरू लागल्यानंतर. शिवाय आजच्या बंद भावावरून मिळालेला इशारा आजच्याच भाववाढीला लावून ती वाढ नफ्यात धरली, तर स्क्रिप्ट आधी उत्तर पाहून गणित सोडवते. तो इशारा एक दिवस पुढे सरकवलाच पाहिजे, आणि नेमकी हीच ओळ अनेकदा राहून जाते.

त्याहून गंभीर बाब कराची आहे. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर आहे, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एका व्यवहारात 10,000 रुपये मिळाले आणि दुसऱ्यात तेवढेच गेले, तरी 3,120 रुपये भरावेच लागतात. बरेच छोटे तोटे सोसून एखादा मोठा नफा गाठणे हाच चल सरासरीच्या पद्धतीचा स्वभाव असल्याने हा नियम तिच्या मुळावरच येतो. परदेशी धडे पाहून लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये याचा मागमूसही नसतो.

प्रकल्प तपासणाऱ्या प्राध्यापकांनी आणि खासगी वर्गांच्या चालकांनी करपूर्व नफ्याशेजारी करोत्तर आकडा मागावा, अशी माझी विनंती आहे. आणि सरावच करायचा असेल, तर आपल्या बाजार समितीतील कांद्याचे रोजचे भाव उपलब्ध आहेत. सुट्टीच्या दिवशी पडणाऱ्या खंडांचे काय करायचे, हेही मुलांना त्यातून शिकता येईल.

– सांख्यिकीचा एक शिक्षक, जुळे सोलापूर