आईचे नाव कार्डावरून कमी करण्याआधी

सरकारी अर्जांत 'कुटुंब' हा शब्द सगळीकडे असतो, पण त्याचा अर्थ टेबलागणिक बदलतो. 'लाडकी बहीण'साठी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. रेशनच्या प्राधान्य यादीला शहरात 59 हजार, खेड्यात 44 हजार. वृद्धांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये!

या शेवटच्या आकड्यापायी घरे कागदावर फुटतात. म्हातारी आई मुलाच्या रेशनकार्डावर असली की उत्पन्नाच्या दाखल्यात त्याची कमाई धरली जाते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगारही दोन-तीन महिन्यांतच 21 हजार ओलांडतो. मग सल्ला मिळतो, आईचे कार्ड वेगळे काढा. मुलाच्या कार्डातून तिचे नाव कमी होते, दाखला मिळतो, नवे कार्डही निघते. पण इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची सरकारने ठरवलेली संख्या, शिल्लक नसेल तर त्यावर धान्य सुरू होत नाही. श्रावणबाळचे दरमहा 1,500 रुपये मिळण्याच्या आशेवर हक्काचे पाच किलो आधीच जातात. आई मात्र त्याच घरातली भाकरी खात असते. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंब ओळखण्यासाठी एक छप्पर आणि एक चूल पाहिली होती. आपले दाखले चूल पाहतच नाहीत, आणि चौकशीला कोणी आले तर आईला 'मी वेगळी राहते' असे सांगावे लागते. हे फार क्लेशकारक आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. सुरगाणा-पेठची कुटुंबे छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात; म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले गावी राहतात. 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये धान्य विभागून उचलता येते, काही किलो इकडे, उरलेले गावी. मात्र रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावण्याआधीच किती किलो हवे ते सांगावे लागते. पूर्ण कोटा उचलल्याची नोंद झाली की गावाकडच्या आजीला त्या महिन्यात काही मिळत नाही. दुकानदारांनी हे स्वतःहून विचारायला हवे.

श्रावणबाळसाठी वृद्धांचे स्वतःचेच उत्पन्न धरावे, अशी आमची मागणी आहे. तोवर नाव कमी करण्याआधी पुरवठा कार्यालयात इष्टांकाची चौकशी जरूर करावी; कमी केलेले नाव परत चढवायला पुन्हा तीच रांग लावावी लागते.

— रेशन व पेन्शन मदतकार्यातील कार्यकर्ते, नाशिक