कॅस्टर आणि पोलक्स : दोघांचा बाप एक नव्हे

मा. संपादक,

रविवार पुरवणीतील राशींवरच्या लेखात मिथुन राशीतल्या दोन ताऱ्यांना ज्यांची नावे आहेत त्या ग्रीक कथांतल्या कॅस्टर आणि पोलक्स यांना सरसकट ‘झ्यूसचे (ग्रीकांच्या देवराजाचे) जुळे पुत्र’ म्हटले आहे आणि शेजारी लांडगिणीचे दूध पिणाऱ्या दोन बाळांचे चित्र छापले आहे. दोन्ही दुरुस्त करायला हवे.

चित्रातली बाळे आहेत रोम्युलस आणि रीमस, म्हणजे युद्धदेव मार्सचे मुलगे. रोम या नव्या नगराच्या तटावरून त्यांचे भांडण झाले आणि त्यात रीमस मारला गेला. कॅस्टर-पोलक्सची कथा याच्या अगदी उलट आहे. त्यांची आई स्पार्टाची राणी लीडा. प्रचलित कथेत पोलक्स हा हंसरूपाने आलेल्या झ्यूसचा, म्हणून अमर. कॅस्टर राजा टिंडॅरिअसचा, म्हणून मर्त्य. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात तर दोघेही टिंडॅरिअसचेच आहेत. लेखातल्या चुकीचे मूळ बहुधा त्यांच्या ‘डायोस्कुरी’ या जोडनावात असावे, कारण त्याचा अर्थच ‘झ्यूसचे मुलगे’.

पण कथेचा जीव या फरकातच आहे. गुरांवरून झालेल्या झगड्यात इडास या चुलतभावाच्या भाल्याने कॅस्टर पडला. पिंडार या कवीच्या वर्णनात झ्यूस पोलक्सपुढे दोन वाटा ठेवतो : कायमचे ऑलिंपस या देवांच्या पर्वतावर राहायचे, की सगळे भावाबरोबर वाटून घेऊन अर्धा काळ जमिनीखाली काढायचा? पोलक्स क्षणभरही न घुटमळता दुसरी वाट धरतो. दोघेही जन्मतः अमर मानले, तर त्याने सोडले तरी काय?

चित्रच हवे असेल तर खुणा सोप्या आहेत : अंड्याच्या अर्ध्या कवचासारखी टोपी, तिच्यावर तारा, हातात भाला, सोबत घोडा. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा युक्रॅटिडीस याच्या नाण्यांवर हे दोघे घोडेस्वार दिसतात. इंडो-ग्रीक राजा अँटिआल्किडस याच्या काही नाण्यांवर नुसत्या दोन टोप्या आणि खजुराच्या झावळ्या आहेत. विदिशेचा गरुडस्तंभ उभारणारा हेलिओडोरस याच अँटिआल्किडसचा राजदूत होता.

लेखात या दोघांचे अश्विनीकुमार या वैदिक जुळ्या देवांशी जोडलेले नाते खरे आहे, पण ते नक्षत्रावरून सिद्ध होत नाही. अश्विनी नक्षत्र मेषेत येते. कॅस्टर आणि पोलक्स हे पुनर्वसूचे तारे. पुनर्वसू हा शब्द संस्कृतात द्विवचनी आहे. मिथिलेतल्या राम-लक्ष्मणांना कालिदासाने ‘रघुवंशा’त आकाशातून उतरलेल्या पुनर्वसूंचीच उपमा दिली आहे. अश्विनांशी खरे साम्य शोधायचे तर ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले १८१वे सूक्त पाहावे. त्यातल्या चौथ्या ऋचेत दोघांपैकी एक सुमखाचा आणि दुसरा द्यौचा, म्हणजे आकाशदेवाचा पुत्र आहे. द्यौ आणि झ्यूस ही नावे एकाच मूळ शब्दाची, त्यामुळे वेगळ्या बापांचे जुळे ही कल्पनाही फार जुनी असावी.

लेखात ‘दोन्ही तारे सारखेच तेजस्वी’ असेही आहे. पोलक्सची प्रत (आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) १.१४, कॅस्टरची १.५८, पोलक्स नारिंगी, कॅस्टर पांढरा. फेब्रुवारीअखेर रात्री दहाच्या सुमारास दोघे जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतात. ब्रह्महृदय (कॅपेला) या ताऱ्याच्या बाजूचा तो कॅस्टर, प्रश्वा (प्रोसायन) या ताऱ्याच्या बाजूचा पोलक्स. अंतर साधारण साडेचार अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीहून थोडे कमी.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक