मदत कुणाच्या दारात

एम्स, आयोवा
12 नोव्हेंबर 2024

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. मोंढ्यात सोयाबीन एक्केचाळीसशेच्या वर सरकेना, हमीभाव 4,892 कागदावरच, आणि त्यात तुझा टोमणा: "तुमच्या अमेरिकेत सरकार शेतकऱ्याच्या दारात पैसे आणून टाकतं म्हणे." टाकतं बाबा. पण कुणाच्या दारात, ते ऐक.

माझ्या ऑफिसातल्या मित्राचे वडील मका-सोयाबीन करतात. परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. टेबलावर काउंटी कमिटीची मतपत्रिका पडली होती. काउंटी म्हणजे आपला तालुका धर. शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली 3 ते 11 जणांची कमिटी, मुदत 3 वर्षं. केंद्राच्या शेती योजना तिथं राबवताना तिचा शब्द चालतो. सोसायटीच्या निवडणुकीसारखंच, फक्त मत पोस्टानं पाठवायचं आणि ढाब्यावरच्या पार्ट्या नाहीत.

मला वाटायचं, पेरलं तेवढ्यावर पैसे. तसं नाही. जमिनीला जुन्या पेऱ्याच्या नोंदीवरून 'बेस एकर' चिकटलेले असतात. मक्याचा बेस असलेल्या रानात सोयाबीन घेतलं तरी मदतीचा हिशेब मक्याचाच. तरीही यंदा कुठं काय पेरलं हे 15 जुलैच्या आत नोंदवावं लागतं. आपली ई-पीक पाहणीच की!

म्हाताऱ्यानं घेतलेल्या योजनेत, 2024 च्या नियमानं, अख्ख्या काउंटीचं एकरी उत्पन्न (म्हणजे पीक गुणिले भाव) ठरलेल्या आकड्याच्या 86 टक्क्यांखाली गेलं तरच पैसे मिळतात, तेही 85 टक्के बेसवर आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. एका साली गारपिटीनं त्यांचा मका आडवा झाला, पण काउंटी पिकली. या योजनेतून छदाम नाही. पीकविम्यावर निभावलं, त्याच्या हप्त्यातही निम्म्याहून जास्त वाटा सरकारचा असतो. मला तुझं ओढ्याकाठचं रान आठवलं. पीक वाहून गेलं, पण विम्याच्या हिशेबात महसूल मंडळाची सरासरी बरी निघाली.

2018 ला चीननं अमेरिकी सोयाबीनवर आयातशुल्क लावलं तेव्हा मात्र सरकारनं सढळ हातानं दिलं. बुशेलमागे 1.65 डॉलर, म्हणजे क्विंटलला सहा डॉलर. ज्याची रास मोठी त्याला जास्त. म्हातारा म्हणाला, "मला चेक नको होता, गिऱ्हाईक हवं होतं." चेक घेतला, हेही त्यानंच सांगितलं.

इथं कुणाला किती मिळाले याची नावानिशी यादी इंटरनेटवर आहे, 1995 पासूनची. जेवायला जायच्या आधी मी त्यांचं नाव शोधलं. नंतर त्यांच्याच हातची भाकरी, म्हणजे मक्याचा पाव, खाताना उगाच चोरट्यासारखं वाटलं.

आता तुझ्या दुखण्यावर येतो. आयोवातली निम्म्याहून जास्त जमीन भाड्यानं कसली जाते. रोख ठोक्यानं घेतली तर मदत कसणाऱ्याला, बटईनं असेल तर दोघांत वाटून. हे ऐकून मला तुझा हेवा... नाही, तुझ्या वतीनं यांचा हेवा वाटला. कारण यंदा वाटलेले सरकारी मदतीचे हेक्टरी 5,000 तुझ्या ठोक्याच्या 4 एकरांवर आले ते पुण्यात बसलेल्या मालकाच्या खात्यात. पीएम किसानचे 6,000 पण सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच.

मी हे म्हाताऱ्याला सांगितलं तर तो हसला. त्याच्याही जमिनीची मालकीण दुसऱ्या राज्यात राहते. मदत जाहीर झाली की पुढच्या करारात तिचा भाव चढतो. "पैसे माझ्या खात्यात येतात," म्हणाला, "मुक्कामाला मात्र तिच्याकडे जातात."

आप्पांचा अंगठा केवायसीला उमटला का? नाही उमटला तर चेहरा दाखवून होतं म्हणे, एकदा विचार. आणि मालक पाडव्याला ठोका वाढवायचं काही बोललाय का, ते कळव. आकडा ठरायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
विन्या