चौथी कळ वडिलांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रान्समध्ये स्थायिक झालेले लेबनीज जॅझ ट्रम्पेटवादक इब्राहिम मालूफ यांच्यावरील लेख वाचून आनंद झाला. मात्र चार कळांचे त्यांचे ट्रम्पेट ही त्यांचीच निर्मिती असल्याचा त्यातील उल्लेख दुरुस्त व्हायला हवा. ते वाद्य त्यांचे वडील नासिम मालूफ यांनी १९६० च्या दशकात सिद्ध केले. नासिम लेबनॉनहून पॅरिसला येऊन मोरिस आंद्रे यांच्यासारख्या दिग्गज फ्रेंच ट्रम्पेटवादकाकडे शिकले आणि पाश्चात्त्य अभिजात वादनात तयार झाले. पण अरबी मकामांतले (म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वररचनांतले) कित्येक सूर हातातल्या वाद्यात नव्हतेच.

ही अडचण लेखात एका ओळीत उरकली आहे. नेहमीच्या ट्रम्पेटची मधली कळ दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने पूर्ण आणि तिसरीने दीड स्वराने; म्हणजे बोटे कशीही फिरवली तरी वादक अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांवरच राहतो. ‘रास्त’ मकामातला गांधार मात्र आपल्या कोमल आणि शुद्ध गांधारांच्या साधारण मधोमध असतो. ओठांच्या दाबाने सूर ओढता येतो हे खरे, परंतु द्रुत लयीत दर वेळी तो नेमका त्याच जागी लावणे भल्याभल्यांना जमत नाही. नासिम यांची चौथी कळ सूर पाव स्वराने उतरवते.

यात इब्राहिम यांचे श्रेय उणे होत नाही. १९८० साली बैरुतमध्ये जन्मलेले इब्राहिम यादवी युद्धामुळे कुटुंबासह फ्रान्सला आले आणि वडिलांच्याच हाताखाली शिकले. वडिलांचे वाद्य त्यांनी जॅझमध्ये नेले, आणि ते कसे नेले हे ऐकायचे तर २०१५ चा ‘कल्थूम’ हा अल्बम ऐकावा. इजिप्तच्या थोर गायिका उम्म कुल्थूम यांचे १९६९ चे ‘अल्फ लैला व लैला’ हे प्रदीर्घ गाणे त्यांनी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स एवढ्याच संचावर मांडले आहे. पियानोला पाव स्वर ठाऊक नसतो. तरीही ट्रम्पेट त्याच्या शेजारी बेसूर वाटत नाही, हे मला त्यांना मिळालेल्या सीझर या फ्रेंच चित्रपट पुरस्कारापेक्षा मोठे वाटते.

बडोदेकरांना हा प्रश्न परका नसावा. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली इथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, चर्चा झाली होती, आणि त्याच काळात देवल व क्लेमंट्स या संगीत-अभ्यासकांनी श्रुती वाजवणाऱ्या हार्मोनियमचा खटाटोप केला होता. पाव स्वर आणि श्रुती एक नव्हेत, असे जाणकार म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण श्रुतींची पेटी आपल्या मैफलीत रुळली नाही, याचे एक कारण मला असे दिसते की वादकाला तिची पट्टी नव्याने शिकावी लागे. नासिम यांनी जुन्या तीन कळांना धक्काच लावला नाही, त्यामुळे नको तेव्हा चौथी सोडून देता येते.

दुरुस्ती छापावी, आणि पुढील लेखात पुरस्कारांची यादी आवरती घेऊन नासिम यांच्या वादनाविषयीही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे